सहीचं टोक

२ मार्च, सोमवार

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्ही वाचली आणि तिन्हींना उत्तर द्यायचं टाळलं, हे आधीच कबूल करते. पहिलं आलं तेव्हा कागद नव्हता. दुसऱ्याच्या वेळी कागद होता, पण त्यावर खालच्या इस्त्रीवाल्या बाईंना कपड्यांची यादी लिहून दिली. तिसऱ्याच्या वेळी कागद, पेन, वेळ, सगळं हाताशी होतं. तेव्हा मी गच्चीवर जाऊन टाकी कुठून गळते ते शोधत बसले. (झाकणाखालून गळते. कुणाला सांगितलं नाही अजून.) फोन का नाही केलास म्हणशील, तर फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान वाक्य पुरं तरी होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: अप्पांची मापकाठी माझ्याकडे नाही.

चार वर्षांनी पत्र लिहितेस, त्यात 'कशी आहेस' अर्ध्या ओळीत आणि 'काठी कुठे आहे' साडेतीन ओळींत. मी मोजल्या. भिंगरी कशी आहे ते राहू दे, काठी कशी आहे ते कळव. बरं.

आता माझा प्रश्न. सध्या मी प्रदर्शनांचे स्टॉल उभे करते आणि मोडते. उभे करायला दोन दिवस, मोडायला दोन तास. माझ्या स्वभावाला धरून काम आहे. गेल्या आठवड्यात घरसामानाचं प्रदर्शन होतं. आमच्या रांगेत गाद्यांचा स्टॉल होता. तिथला विक्रेता गादी किती मऊ ते दाखवता दाखवता खरोखरच झोपला, आणि गिऱ्हाईकं त्याच्याभोवती कुजबुजत भाव विचारायला लागली. मी ते बघत उभी होते. मग मागे सरकले, तर पाठीला काहीतरी टोचलं. वळून बघते तर लंगडी.

अप्पांची लंगडी शिडी, ताई. ॲल्युमिनियमची, चकचकीत, नवरीसारखी नटवलेली. पण एक पाय आखूड, तो सरकता, त्याला खुंटी, आणि खुंटीच्या आत पाचर. एक पाय जिन्याच्या वरच्या पायरीवर, दुसरा खालच्या पायरीवर, आणि शिडी सरळ. मी तिच्यावर चढून उडी मारली. पाचर घट्ट बसली. जेवढा भार तेवढी पकड. अप्पांची सोडून दुसऱ्या कुणाची शिडी असं वागते?

मी तिथल्या टायवाल्याला विचारलं, "ही कुणी काढली हो?"

"आमच्या संशोधन विभागाने, मॅडम."

"किती दिवस लागले?"

"दिवस? दीड वर्ष! बावीस नमुने मोडले तेव्हा ही उभी राहिली."

अप्पांनी जेवणाआधी हात घातला होता आणि चहाला ती उभी होती. मी तिथेच मोठ्याने हसले. त्याला वाटलं मी घेणार, म्हणून त्याने पत्रक दिलं. खाली लिहिलंय: 'नोंदणीचा अर्ज दाखल. नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल.' आत कंपनीच्या कुणाकुणाचे फोटो आहेत, ते मी नीट पाहिले नाहीत.

आता सांग. अप्पांच्या वर्कशॉपमधली ही पाचरीची युक्ती कुणाला ठाऊक? अप्पांना, तुला, मला. आणि भावोजींना. भावोजी कुठे टायपिंग करतात? असले नोंदणीचे अर्ज लिहून देणाऱ्या वकिलाकडे. आणि नेमकी आत्ताच तुला काठीची आठवण येते. मी शाळा अर्धी सोडली असेल, दोन आणि दोन चार मलाही करता येतात.

विकलीत ना तुम्ही? सरळ सांगा. आणि कागदपत्र पक्कं करायला आता काठी हवी आहे.

भिंगरी

ता. क. मी बरी आहे. बूट चांगले आहेत. कुठून आले ते विचारू नकोस.


११ मार्च, बुधवार

ताई,

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हतं, कानाखाली होती. इस्त्रीवाल्या बाई विचारत होत्या, "काय गं, कुणी गेलं की काय?" म्हटलं, नाही हो, सगळे आहेत, म्हणून तर.

तर तुझं म्हणणं असं. कंपनीच्या वकिलाची नोटीस अप्पांना आली. नवा कायदा झालाय. आधी अशा अर्जावर हरकत घ्यायला सहा महिने मिळायचे, आता तीनच. आधी कचेरीतल्या फळ्यावर यादी लागायची, आता फक्त पडद्यावर येते, आणि अप्पा कुठला पडदा बघणार? निम्मी मुदत अशीच गेली. ९ एप्रिलला पाच वाजेपर्यंत हरकत नोंदवली नाही, तर नोंदणी कंपनीच्या नावाने. मग अप्पांनी स्वतःची लंगडी केली तरी ती चोरी ठरणार. आधीपासून करत होतो म्हणून चालत नाही. तारखेचा पुरावा देऊन 'आधीपासूनचे वापरकर्ते' म्हणून नाव लावून घ्यायचं. आणि अप्पांकडे पुरावा एकच, तो म्हणजे मापकाठी.

हे सगळं खरं असेल. पण खोटं बोलायचं असतं तरी माणूस असंच तपशिलात बोलला असता, नाही का? गादीवाल्यानेही मला स्प्रिंगची संख्या सांगितली होती.

एकाच वाक्याने मला जरा हलवलं. तू लिहितेस, नोटीस आल्या दिवसापासून अप्पांनी रंधा हातात घेतलेला नाही. ते रोज सकाळी वर्कशॉप उघडतात, बाकावर बसतात, आणि संध्याकाळी बंद करतात. हे तुला रचून सांगता आलं नसतं. तू अप्पांना रिकामं बसलेलं कधी पाहिलेलंच नाहीस, मग रचणार कुठून?

म्हणून सांगते. काठी माझ्याकडे आहे.

निघताना घेतली. चालायला काहीतरी हवं होतं, कोपऱ्यात तीच उभी होती. मला माहीत होतं ती कुठली ते. अप्पांच्या सगळ्या काठ्या मला पाठ होत्या. लोक कागदावर चित्र काढतात, टेप लावतात; अप्पांना दोन्हींवर विश्वास नाही. एका कामाला एक काठी. एका अंगाला दांड्यांच्या खाचा, दुसऱ्या अंगाला भोकांच्या खुणा, आणि खालच्या टोकाला गिऱ्हाइकाची सही, तारखेसकट. सही नाही तर शिडी नाही. ते बोलायचेच ना, "कागद उंदीर खातो, टेप ताणते, आणि गिऱ्हाईक विसरतं."

आणि दुसरी रीत, आठवते? शिडी गिऱ्हाइकाच्या हातात मोडली, तर अप्पा त्या काठीचं सहीचं टोक कापून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. म्हणजे, चूक आमची, तुझी सही तुला परत, आता आम्ही तुला नवी शिडी देणं लागतो. असं दोनदाच झालं म्हणतात, मी जन्मायच्या आधी. आपण दोघी खेळतानासुद्धा तसं करायचो. तू माझी बाहुली मोडलीस तेव्हा मी तुझ्याकडून सही मागितली होती.

तर काठी आहे. बारा गावं फिरून आली आहे. तिने मी कुत्रे हाकलले, पडदे टांगले, एकदा एका अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं. खाचा शाबूत आहेत. खालच्या बाजूला हिरव्या रंगाचा एक फराटा आहे.

पण मी ती टपालाने पाठवणार नाही. भावोजींच्या हाती तर मुळीच नाही. ती कचेरी याच शहरात आहे, मी चौकशी केली, बसने चार थांबे. मी स्वतः जाऊन बघेन. मग ठरवेन तुझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते.

भिंगरी


२० मार्च, शुक्रवार

ताई,

गेले. दोन वेळा गेले. पहिल्या वेळी आत शिरलेच नाही, कारण दारासमोर एक माणूस चाव्या करत होता, आणि डोळे मिटून कानसेने घासायचा. विचारलं तर म्हणाला, "डोळे उघडले की घाई होते." हे अप्पांना सांग. किंवा नको सांगूस.

दुसऱ्या वेळी आत गेले. लांबच लांब खोली, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे कुणी पाय हलवला की पाच माणसं हलतात. माझ्या शेजारी एक बाई बरणीचं झाकण घेऊन बसली होती, पलीकडे एक म्हातारा विणलेल्या पिशव्या घेऊन. सगळे आपापली वस्तू पदराखाली नाहीतर कोटाखाली झाकून. कुणी कुणाला दाखवत नव्हतं. मीसुद्धा काठी भिंतीकडे वळवून धरली. अशी खोली मी पहिल्यांदा पाहिली, जिथे प्रत्येक माणूस शेजाऱ्याला चोर समजतो आणि तरी पेन मागतो.

खिडकीत जाड चष्म्याच्या बाई होत्या. मी मोबाइलवरचे काठीचे फोटो पुढे केले.

"फोटो चालत नाही."

"का हो? स्पष्ट आहे की."

"हल्ली यंत्राला सांगितलं की ते हवा तसा फोटो बनवून देतं, हव्या त्या तारखेचा. म्हणून नव्या नियमात मूळ वस्तूच लागते. फोटो आता कुणाचाच चालत नाही. माझासुद्धा."

मग मी काठी खिडकीवर ठेवली. त्यांनी उलटीपालटी केली. खाचांवरून बोट फिरवलं. मला वाटलं होतं हसतील, पण हसल्या नाहीत.

"ही चांगली आहे," त्या म्हणाल्या. "अगदी कंपनीच्या अर्जातल्या शिडीची मापं आहेत. तारीख कुठाय?"

"तारीख?"

"कधी केली? कुणासाठी केली? नुसत्या काठीवरून काय कळणार, तुम्ही काल रात्री खाचा पाडल्या नसतील कशावरून?"

"खाली सही असते. गिऱ्हाइकाची. तारखेसकट."

"मग कुठाय?"

ताई, मी काय सांगणार होते? काठीचं खालचं टोक नाही. वीतभर. मी कापलं.

लांब होती गं. चालताना हात वर राहायचा. निघायच्या दिवशी सकाळी बाकावर ठेवली आणि दोन हात करवत मारली. एवढंच. टोक तिथेच पडलं. तो हिरवा फराटा म्हणजे सहीची वरची कड आहे, ती तेवढी काठीवर राहिली.

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "तुकडा असेल तर आणा. लाकडाचे रेषे जुळले तर आमचा तपासनीस मान्य करतो. आणि ज्याची सही आहे त्याने स्वतः यावं लागेल, ती माझीच म्हणून सांगायला. सहीच्या बाबतीत लेखी जबाब चालत नाही आता, समोर उभं राहावं लागतं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि कंपनीकडे ही गेली कशी, ते कुणाला माहीत असेल तर तेही लिहून आणा. त्याचा फार उपयोग होतो."

मी म्हटलं, ते कुणाला माहीत असणार.

तर ताई, अप्पांचा पाचरींचा डबा बघ. ते तुकडा कधी टाकत नाहीत, त्याची पाचर करतात. बाकाच्या पायाखाली बघ, दाराखाली बघ. वीतभर तुकडा, साग, एका टोकाला हिरवा रंग. सही रंगारीकाकांची. त्यांनी पेन नाकारून स्वतःच्या ब्रशने केली होती, त्या दिवशी डब्यात हिरवा होता म्हणून हिरवी. अकरा वर्षं झाली.

रंगारीकाका येतील असं मला वाटत नाही. ते का, तुला ठाऊक आहे.

आणि तू अजून भावोजींबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस.

भिंगरी


३० मार्च, सोमवार

ताई,

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. लोक मला ओलांडून गेले.

भावोजींनी जानेवारीतच नोकरी सोडली. वकिलाच्या टेबलावर टाइप करायला आलेल्या कागदांत त्यांना लंगडीचं चित्र दिसलं. ते उठले, टोपी घातली आणि घरी आले. आता दुसऱ्याची मालाची गाडी चालवतात आणि त्यांची पाठ धरते. चोरी झालीय हे घरात पहिल्यांदा कळलं ते त्यांच्यामुळे; मुदतीचं मात्र नोटीस आल्यावरच. आणि मी त्यांना चोर म्हटलेलं तू त्यांना वाचून दाखवलंस, तर ते काय म्हणाले? "तिच्या जागी मीही माझ्यावरच संशय घेतला असता." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण तुकडा नाही. पाचरींचा डबा उलटा केलास, बाक हलवलास, काही नाही. अप्पांना विचारलंस तर म्हणाले, "ते टोक आपलं नाहीच." आणि उठून गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला. माझं नाव काढलं की ते असंच बोलत असतील, आपलं नाहीच.

आता मी जे लिहिते ते दोनदा वाच, आणि कागद जपून ठेव. कचेरीत लागेल.

कंपनीकडे शिडी भावोजींकडून गेली नाही, तुझ्याकडून गेली नाही. माझ्याकडून गेली.

दोन वर्षांपूर्वी मी स्टेज बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होते. एका नाट्यगृहाच्या जिन्यात दिवे लावायचे होते आणि शिडी उभी राहीना. सगळे एकमेकांवर ओरडत होते. मी म्हटलं, थांबा. भंगारातले दोन पाइप घेतले, काठी टेकवून खुणा केल्या, पाचर कापली, माझ्या जुन्या चपलेचं चामडं आत बसवलं, आणि तासाभरात लंगडी उभी. मी वर चढून दिवा लावला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, आपल्या घरात कधी कुणी टाळी वाजवली होती का सांग. अप्पांना काम आवडलं की ते फक्त 'हं' म्हणायचे, आणि त्या 'हं'साठी मी महिना महिना थांबायचे.

तिथे एक चौकड्यांच्या शर्टाचा माणूस होता. इंजिनिअर. त्याने इतकं गोड विचारलं. "हे कसं सुचलं तुम्हाला?" तुम्हाला! मला कुणी तोवर 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी जमिनीवर खडूने सगळं काढून दाखवलं. पाचरीचा कोन, चामडं कुठे, का. काठी त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही अंगांचे फोटो काढले. मी नुसती बडबडत होते. एकदाच विचारलं, "कशाला हवंय तुम्हाला?" तर म्हणाला, "कुतूहल." निघताना त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. चप्पल मी पाचरीत घालून बसले होते ना. दुसऱ्या दिवशी त्याने बूट पाठवले.

ते हेच बूट.

आणि पत्रकातले फोटो मी नीट पाहिले नाहीत असं लिहिलं होतं, तेही खोटं. पहिलाच फोटो त्याचा आहे. शर्ट चौकड्यांचाच. खाली लिहिलंय, 'कल्पना आणि संशोधन'. त्या दिवशी मी प्रदर्शनातून बाहेर आले आणि तुझ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली, कारण दुसरा कुणी सापडेना. पायात त्याचेच बूट घालून मी तुला चोर म्हटलं. असा संशय फार सोयीचा असतो गं, तो दारोदार हिंडतो, फक्त स्वतःच्या घरी जात नाही.

हे मी वेगळ्या कागदावर सही-तारखेने लिहिलंय आणि चष्मेवाल्या बाईंना देऊन आले. त्यांनी वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "याने त्यांचा दावा ढिला होईल. पण तुमच्या वडिलांचा घट्ट व्हायला तारीख लागेलच."

म्हणजे सगळं त्या वीतभर तुकड्यावर आणि रंगारीकाकांवर. तू त्यांच्याकडे जा. मी जाऊ शकत नाही. तुला माहीत आहे.

भिंगरी


८ एप्रिल, बुधवार, सकाळ

ताई,

उद्या पाचला खिडकी बंद. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

तुझी चिठ्ठी काल आली. रंगारीकाकांच्या घराला रविवारपासून कुलूप. शेजारीण म्हणाली, पांढरी गाडी आली होती, त्यात बसून गेले, सोबत पिशवी होती. गाडी कुणाची ते तिला ठाऊक नाही. तुला ठाऊक नसेल, पण मला आहे. कंपनीची. त्यांना कळलं असणार की पुरावा एका माणसावर अडलाय. माझंच निवेदन वाचून कळलं असणार. त्यात मी सहीवाल्याचा उल्लेख केला होता. म्हणजे हेही मीच केलं. आणि ते गेले तर मी त्यांना दोष तरी कसा देऊ? माझ्या बाजूने उभं राहायला त्यांच्याकडे काय कारण आहे? उलट बाजूला उभं राहायला मात्र उजवं मनगट आहे.

ती दुपार तू पाहिली नाहीस, तू तेव्हा सासरी होतीस. त्यांना दुसरी लंगडी हवी होती, त्याच मापाची, म्हणून काठीही तीच. अप्पा म्हणाले, ही तू कर. पहिल्यांदाच म्हणाले. मी सगळं केलं. फक्त पाचरीत चामड्याची पट्टी ठोकायची होती. तेवढ्यात रस्त्याने एक भला मोठा लाकडी घोडा चालला होता, कुठल्याशा जत्रेच्या पाळण्यातला, दोरीने गाडीला बांधलेला. तो कोपऱ्यावर वळेना. मी बघायला गेले. मग ढकलायला गेले. परत आले तेव्हा शिडी गिऱ्हाइकाने नेलेली होती आणि पट्टी बाकावर पडलेली.

मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, लाकडाला लाकूड धरेल. आठवडाभर धरलंही. मग शिडी सरकली, काका एका शाळेच्या जिन्यात पडले आणि मनगट मोडलं.

अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी बाकावरची पट्टी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझं स्टूल उचलून माळ्यावर ठेवलं. बस्स. ओरडले असते तर मी राहिले असते.

काठी लांब होती म्हणून कापली, असं मी तुला लिहिलं ना? तेही खोटं. काठी माझ्या उंचीला बरोबर होती. मला तिच्यावर ती हिरवी सही नको होती. रोज चालताना खाली बघितलं की ते नाव दिसणार, हे मला सहन झालं नसतं. म्हणून करवत घातली. रागाने घातली, ताई. त्या माणसावर, ज्याचं काही चुकलं नव्हतं. तिरकी गेली म्हणून वरची कड राहून गेली.

आणि आता तीच सही नाही म्हणून अप्पा

थांब, इस्त्रीवाल्या बाई ओरडताहेत.

—

दहा मिनिटांनी. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

"अगं ए वरची! खाली ये, कुणीतरी आलंय."

"कोण? काय विकतोय?"

"विकत नाही काही. म्हातारा आहे. एका हाताने पिशवी धरलीय, दुसरा वाकडा. फडक्यात लाकडाचा तुकडा आहे. म्हणतो, तिला सांगा सही आलीय."

मी खिडकीतून वाकून बघितलं. रंगारीकाका आहेत. समोर पांढरी गाडी उभी, तिला टेकून त्यांचा जावई दात कोरतोय. गाडी जावयाची आहे, ताई. बाई म्हणतात, तीन दिवस वाटेत लेकीकडे राहिले आणि मग आले. मी मेली लगेच कंपनीपर्यंत पोचले होते.

मी खाली गेले नाही. बाईंनाच जिन्यात बोलावून घेतलं आणि हळूच विचारलं, "तो तुकडा त्यांच्याकडे कसा?"

"त्यांनाही तेच विचारलं मी. म्हणतात, हिनेच पाठवला होता. चार वर्षांपूर्वी, जाताना."

"मी?"

"तू ना. बापाच्या हाती. तुझ्या बापाला म्हणे सकाळी बाकावर सापडला, कापून ठेवलेला. तो तस्सा घेऊन आला आणि म्हणाला, पोरीने रीतीप्रमाणे सही परत पाठवलीय. चूक कबूल केलीन आणि मग गेली. दोघं रडले म्हणे तिथे बसून. आता मला काही कळत नाही तुमचं हे सही, शिडी, पण माणूस भला दिसतो. पत्ता बघ कसला आणलाय, लाकडाच्या पट्टीवर कोरलेला!"

पट्टी माझ्या हातात आहे. टोच्याने कोरलंय, एकेक अक्षर खोल. अप्पांचं आहे. इस्त्रीच्या दुकानावर, डाव्या हाताचा जिना, भिंगरी.

'ते टोक आपलं नाहीच.' कळलं का तुला आता? मला आत्ता कळलं. ज्याची सही त्याला परत दिलेली, मग ते आपलं कसं? आणि चार वर्षं त्या दोघांनी माझ्याबद्दल काय समजून ठेवलंय, ते वाचलंस ना?

उद्या, नाही, आजच, चष्मेवाल्या बाई विचारतील, हे टोक कापलं कुणी आणि का. काका सांगतील, रीत आहे, पोरीने माफी मागितली. रेषे जुळतील, तारीख जुळेल, अप्पा पुन्हा रंधा धरतील. मला फक्त गप्प उभं राहायचंय. आणि गप्प राहिले तर मी पुन्हा एकदा पट्टी न ठोकता शिडी देणार. तेव्हाही वाटलं होतं, लाकडाला लाकूड धरेल.

कचेरीत काय सांगायचं ते काकांना विचारून. आधी त्यांना खरं काय ते सांगणार. जिन्यातच, खाली पोचायच्या आत, नाहीतर मला वाटेत काहीतरी बघायला मिळेल.

काठी घेतली. बूट इथेच ठेवलेत. बाईंच्या सपाता घालून जातेय.

ते खालून ओरडताहेत. जिनाभर घुमतंय, सगळी बिऱ्हाडं दारात आलीत:

"ए भिंगरी! सही चार वर्षांपूर्वी मिळाली. शिडी कुठाय माझी?"